बचतीचं उदाहरण

फोटोग्राफरने खिडकीखालची खुर्ची ओढत समोरच्या भिंतीशी नेली आणि म्हणाला, ताई तुम्ही इथे बसा, साहेब मागे उभे राहतील. ती उभीच राहिली. त्या भिंतीशी तिच्या आईची खाट असायची. खाट कधीच उचलून दिली होती, पण घरातली दोघंही अजून त्या जागेवरून चालत नसत, वळसा घालून जात. नवऱ्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, पुढे होऊन खुर्ची उचलली आणि परत खिडकीखाली आणून ठेवली.

“इकडे उजेड बरा आहे,” तो फोटोग्राफरला म्हणाला.

ती बसली. न सांगता कळणारा माणूस घरात असणं ही केवढी मोठी गोष्ट असते, हे तिला आई गेल्यापासून नव्याने समजत होतं.

फोटोग्राफरबरोबर वीज कंपनीच्या प्रसिद्धी विभागातला एक गुबगुबीत, बोलका माणूस आला होता. कंपनीच्या मासिकात त्याला एक पान भरायचं होतं. संध्याकाळी सगळं शहर एकदम घरी येतं. दिवे, पंखे, गिझर, शेगड्या एकदम लागतात आणि तारांवर ताण येतो. त्या गर्दीच्या वेळात ज्या घरात वीज कमी जळेल त्या घराला गुण मिळायचे, गुणांवर वस्तू मिळायच्या, आणि वर्षअखेर प्रत्येक भागातल्या एका घराला पहिलं बक्षीस. या भागातून त्यांचं घर आलं होतं. बक्षीस होतं कपडे धुण्याचं मशीन, कमी वीज खाणारं.

तुम्ही नेमकं काय करता, असं त्याने विचारलं तेव्हा नवरा नुसतं “बंद करतो” एवढंच म्हणाला. तो बस डेपोत वेळापत्रकं लावायचा आणि बोलण्यातही जागा वाया घालवायचा नाही. मग तिनेच सांगितलं. दुपारी फोनवर कंपनीचा निरोप येतो. आम्ही कामावरून आलो की उजेड आहे तोवर जेवण उरकतो, गार असेल ते गारच खातो. मग फ्रीज सोडून घरातलं एकूण एक बटण बंद करतो आणि गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसतो. गर्दीची वेळ संपेपर्यंत.

“जोडीने अंधारात बसता? वा,” तो लिहिता लिहिता म्हणाला. “आमच्याकडे अंधार झाला की मेणबत्तीच्या आधी भांडण पेटतं.”

ती हसली. यापुढचं सांगण्यासारखं नव्हतं.

आई गेल्यानंतर घर एकदम गप्प झालं होतं. वर्षभर ऑक्सिजनच्या मशीनची घरघर आणि आईच्या अंगाखालच्या गादीत हवा भरणाऱ्या पंपाची फुसफुस चालू होती. ती थांबली आणि दिव्याखाली एकमेकांकडे बघत बसणं दोघांनाही जड जाऊ लागलं. अशातच एके दिवशी नवरा म्हणाला, आज सगळंच बंद करून बघू या का. गुणांचं काहीतरी तो बोलला होता, पण तिने ते निमित्त समजून सोडून दिलं. अंधारात तिला रडता यायचं. तो बघायचा नाही, समजूत घालायचा नाही, उठून जायचाही नाही. त्या गॅलरीत तिने त्याला जन्मात कुणाला सांगितली नव्हती अशी गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी आशा सोडली होती तेव्हा ती आईला म्हणाली होती की डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यात तू चालायला लागशील. आई म्हणाली होती, “चालेन तर.” आणि त्यानंतर रोज, केस विंचरताना, पाठ पुसताना, तिने तेच खोटं आईला पुन्हा पुन्हा पाजलं होतं. “शेवटपर्यंत मी तिला फसवत राहिले,” ती म्हणाली होती. “तिला काही बोलायचं असेल, निरोप घ्यायचा असेल, तर मी जागाच ठेवली नाही.” नवरा काहीच बोलला नव्हता. अंधारात त्याचा हात तिच्या मनगटावर आला होता आणि बराच वेळ तिथे होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने आपल्याला दिलेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे हे गप्प राहणं, असं तिला वाटलं होतं.

“पण खरं सांगू का,” प्रसिद्धीवाला म्हणाला, “नुसते दिवे-पंखे घालवून पहिला नंबर येत नसतो. ते सगळेच करतात. तुम्ही बाजी मारलीत ती त्या मशीनवर.”

“कुठल्या मशीनवर?” तिने विचारलं.

“श्वासाचं होतं ना तुमच्याकडे. आम्ही मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून बघतो. मागच्या वर्षी संध्याकाळी ते चालू, कसलासा पंप चालू. या वर्षी दोन्ही नाही. फरक केवढा पडला.” तो नवऱ्याकडे वळून कौतुकाने हसला. “आणि तुमच्या घरची हुशारी तर आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. नोंदणीला आमची मुलगी आली होती, तिला तुमच्याकडून पहिला प्रश्न काय गेला, तर हे मशीन बंद पडलं की ती बचत धरणार का? असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. नियम काढून बघावा लागला. धरतात म्हणाले.”

उजेड जातोय, असं फोटोग्राफर म्हणाला. नवरा तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तिच्या खांद्यावर हात ठेवा, असं त्याला सांगण्यात आलं. हात खांद्यावर आला तेव्हा तिला तो अंगावर पडलेल्या परक्या वस्तूसारखा लागला. फोटो निघाला.

माणसं गेल्यावर तिने कपबशा गोळा केल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला होता.

“नोंदणी कधी झाली?” तिने पाठमोरीच विचारलं.

“झाली तेव्हा.”

“तेव्हा आई होती.”

“होती.”

“या खोलीत. त्या भिंतीशी.”

“हो.”

ती वळली. त्याचा चेहरा नेहमीसारखाच होता, थोडा थकलेला. तिला वाटलं होतं तो निदान नाही म्हणेल, त्या माणसाने भलतंच ऐकलं असेल म्हणेल.

“तुम्ही तो प्रश्न विचारलात?”

त्याने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. “विचारला गेला,” तो म्हणाला.

“विचारला गेला,” तिने तेच शब्द पुन्हा म्हटले. “आपोआप?”

“आता त्यात शिरून काय मिळणार आहे?”

“मला नाही. तुम्हाला मिळालं ना. धुण्याचं मशीन.”

त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

त्या संध्याकाळी ती गॅलरीत गेली नाही. तिने घरातला प्रत्येक दिवा लावला, न्हाणीघरातलासुद्धा. रिकाम्या खोलीतला पंखा लावला. नवऱ्याने एकही बटण बंद केलं नाही. गॅलरीचं दार लोटून तो एकटा बाहेर बसला, आणि घरातल्या उजेडाचा एक चौकोन त्याच्या पायांवर पडून राहिला.

कामावर तिचं चित्त लागेना. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर ती मेण चढवून एकेक दात बसवायची. हे काम करताना ज्याचं तोंड आहे त्या माणसाचा विचार करावा लागतो. तो कसा चावेल, कसा बोलेल, हसला तर कुठवर दात दिसतील. आईची कवळी तिनेच केली होती. आजारात आईच्या हिरड्या झिजल्या तशी तीच कवळी तिने आतून भरून घट्ट करून दिली होती. आई सगळ्यांना सांगायची, “जावई वेळेचा पक्का, मुलगी दातांची पक्की, मला काय काम? बसून खाते.” आई शाळेत गणित शिकवायची. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी गल्लीतले लोक तिला मास्तरीणबाईच म्हणत.

आता मेण गार होऊन कडक होईपर्यंत ती साचा हातात धरून बसायची. नवऱ्याची पाळी सकाळची असे, दुपारी तो घरी यायचा आणि ती संध्याकाळी येईपर्यंत आईजवळ तोच असायचा. त्याने आईला कुशीवर वळवलं होतं, तिची चादर बदलली होती, भांडं स्वच्छ केलं होतं. आपल्या माणसालाही किळस येईल अशी कामं त्याने तोंड वाकडं न करता केली होती. तेवढं करत असताना त्याच्या डोक्यात हे चाललं होतं? मशीनची घरघर ऐकत तो बेरजा मांडत होता? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं तिच्या मनात आलं. तिला गॅलरीतली एकेक संध्याकाळ आठवायची आणि घाणेरडी वाटायची. आपण रडत होतो आणि हा गुण मिळवत होता. आपण त्याला आईशी बोललेलं खोटं सांगितलं, आणि तेही त्याने बचतीच्या वेळेत ऐकून घेतलं.

घरात कामापुरतं बोलणं उरलं. त्याने डबा भरून ठेवला तर ती नेत नसे. दोघांच्या मध्ये कुणी नव्हतं, की ज्याच्या तोंडून निरोप द्यावा. एकदा त्याने विचारलं की बक्षीस-समारंभाला यायचं नसेल तर तसं कंपनीला कळवू का.

“येणार,” ती म्हणाली. “मला दोन शब्द बोलायचेत म्हणून फोन आला होता ना. मी बोलणार.”

त्याला ते कळलं असावं. “बोल,” तो म्हणाला. “तुला जे बोलायचं ते बोल.”

वाक्य तिने तयार ठेवलं होतं. भांडी घासताना, बसमध्ये, दात घासून चमकवण्याच्या यंत्रासमोर बसल्यावर ती ते मनात म्हणून बघायची. आमच्या घरातलं एक माणूस कमी झालं म्हणून आमची वीज कमी झाली, आणि ते माणूस जिवंत असतानाच माझ्या नवऱ्याने त्याची चौकशी करून ठेवली होती. एवढंच. त्यापुढे काही बोलायचं नाही, खाली यायचं. पुढे काय होईल याचा विचार तिने केला नव्हता. आपण कुठे राहायला जाऊ, याचा मात्र थोडा केला होता.

समारंभ कंपनीच्याच कचेरीत होता, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खोलीत. भर सकाळी पडदे ओढून सगळे दिवे लावले होते, आणि गारठा असा की बायका पदर घट्ट ओढून बसल्या होत्या. वीज वाचवणाऱ्यांना थंडीने मारायचा बेत दिसतोय, असं शेजारची एक बाई कुजबुजली. तिला हसू आलं नाही. नवरा तिच्या डावीकडे बसला होता, इस्त्री केलेल्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून. परीक्षेच्या निकालाला नेलेल्या मुलासारखा.

साहेब लोकांची भाषणं चालू असताना एक तरुण मुलगी रांगेच्या कडेने वाकून वाकून येत तिच्याजवळ पोचली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. नवऱ्याकडे बघून ती ओळखीचं हसली. त्याने मान हलवली आणि लगेच खाली घातली. मुलगी तिच्या खुर्चीशी उकिडवी बसली.

“तुम्ही मुलगी ना त्यांची? मीच आले होते तुमच्याकडे नोंदणीला, तुम्ही कामावर होतात. आजी नाही आल्या?”

तिने मुलीच्या ओळखपत्राकडे पाहिलं.

“मी मघापासून त्यांनाच शोधतेय,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. “खरं म्हणजे बक्षीस त्यांचंच आहे. तो मशीनचा प्रश्न त्यांनीच काढला होता.”

“कुणी?”

“आजींनी. मी काकांना माहिती सांगत होते, त्या खाटेवरून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, अगं बस, तुला एक शाब्दिक उदाहरण घालते. एका घरात एक यंत्र दिवसरात्र चालतं. ते एका म्हातारीला लावलंय. म्हातारी काही पुढचं वर्ष बघत नाही. तर पुढच्या वर्षी त्या घराची संध्याकाळची बचत किती?” मुलगी सांगता सांगता थांबली. “मला तर काय करावं कळेना. मला वाटलं रडतायत. बघते तर हसतायत. अशा हसत होत्या की कवळी निसटली, ती हातात धरून हसत होत्या. आणि काका दारात पाण्याचा पेला घेऊन उभे, तेही हसायला लागले. त्यांना म्हणाल्या, जावईबापू, नाव घालून टाका, जाता जाता काहीतरी देऊन जाते.”

व्यासपीठावर कुणीतरी तारांवरच्या ताणाबद्दल बोलत होतं. तिने मान वळवली नाही. डावीकडचा माणूस जराही हलत नव्हता, एवढं तिला न बघता कळत होतं.

“आणखी काही म्हणाल्या?” तिने विचारलं.

“म्हणाल्या की माझ्या मुलीला मात्र यातलं सांगायचं नाही. ती मला उन्हाळ्यात चालवणार आहे.” मुलगी हसली. “मी यादीत तुमचं नाव बघितलं ना, तर म्हटलं, बघा, आजींचं उदाहरण चुकलं. बऱ्या झाल्या असणार आणि मशीन परत गेलं असणार. म्हणून तर शोधत होते. बऱ्या आहेत ना?”

“नाही,” ती म्हणाली. “उदाहरण बरोबर होतं.”

मुलीने तोंडावर हात ठेवला. ती काही बोलणार एवढ्यात समोरून त्यांच्या घराचा पुकारा झाला, टाळ्या सुरू झाल्या आणि दोघांना उठावं लागलं.

व्यासपीठावर एका साहेबांनी त्यांच्या हातात पुठ्ठ्याचं मोठं धुण्याचं मशीन दिलं. खरं मशीन घरपोच येणार होतं. दोघांनी ते दोन बाजूंनी धरलं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईने ध्वनिक्षेपक तिच्यापुढे केला आणि म्हणाली की आता या गृहिणी आपल्याला त्यांच्या बचतीचं रहस्य सांगतील. नवऱ्याने पुठ्ठा एकट्याने सावरून धरला आणि तो एक पाऊल मागे सरला. त्याने डोळे मिटून घेतलेले तिला दिसले. तिने काय ठरवून आणलंय हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तो अडवणार नव्हता.

तयार वाक्य तोंडापर्यंत आलं. ते आता खोटं झालं होतं. दुसरं कुठलं तिच्याजवळ नव्हतं.

“माझी आई शाळेत गणित शिकवायची,” ती म्हणाली. खोलीतले लोक वाट बघत होते. “हे उदाहरण तिचंच आहे. आम्ही फक्त सोडवलं.”

लोकांना ते फार आवडलं. पिढ्यानपिढ्यांचे संस्कार, बचतीचं केवढं सुंदर उदाहरण, असं सूत्रसंचालन करणारी बाई म्हणाली आणि तिने आणखी टाळ्या वाजवायला लावल्या. ती खाली उतरली. नोंदणीची मुलगी भिंतीशी उभी राहून डोळे पुसत होती.

पुठ्ठ्याचं मशीन त्यांनी दरवाजाशी ठेवून दिलं आणि जेवणाला न थांबता दोघं बाहेर पडली. रस्त्यावर ऊन होतं. थांब्यावर कुणी नव्हतं. बस किती वेळात येईल हे नवऱ्याला माहीत असणार, पण त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. गाडी आली तेव्हा वाहकाने नवऱ्याला हात केला, आज सुट्टीच्या दिवशीपण आमची गाडी वेळेवर आहे का बघायला आलात वाटतं, असं म्हणाला. ती खिडकीशी बसली. शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने पिशवी ठेवली. नवरा तिच्याजवळ दांड्याला धरून उभा राहिला.

दोन-तीन थांबे गेले.

“मी तुम्हाला सरळ विचारलं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू माझ्यावर रागावली होतीस. ते चालण्यासारखं होतं,” तो म्हणाला. “तिच्यावर रागावून काय करणार होतीस? ती कुठे होती?”

बस एका वळणावर कलली. त्याने दुसऱ्या हाताने पुढच्या सीटचा कठडा धरला.

“आणि गॅलरीत?” तिने विचारलं. “मी तुम्हाला ते डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा? शेवटपर्यंत तिला फसवलं म्हणून मी रडत होते तेव्हा?”

तो तिच्याकडे बघू शकला नाही.

“तुम्हाला माहीत होतं की तिला सगळं माहीत आहे.”

“हो.”

“आणि तुम्ही माझा हात धरून बसलात.”

“जीभ रेटली नाही,” तो म्हणाला. “रोज वाटायचं, आज सांगू. ती म्हणाली होती सांगू नका. आणि तू रडून मोकळी होत होतीस, असं मला वाटायचं.”

“मोकळी,” ती म्हणाली.

मग तिने खिडकीकडे तोंड केलं. दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या. एका दुकानात भरदुपारी शोभेचे दिवे लावलेले होते आणि नोकर शिडीवर चढून त्यांची धूळ पुसत होता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: आई हसली होती. कवळी हातात धरून. तिने बनवलेली, तिने घट्ट केलेली कवळी. त्या वर्षात तिने आईला हसताना एकदाही पाहिलं नव्हतं. तिच्यापुढे आई शहाण्या मुलीसारखी औषध घ्यायची, दूध संपवायची, चालेन तर म्हणायची.

“मी कामावर गेल्यावर आणखी काय काय चालायचं तुमचं?” तिने बाहेर बघतच विचारलं.

वाहक तिकिटं देत पुढून मागे गेला.

“पत्ते खेळायचो,” तो म्हणाला.

“आई? पत्ते?”

“दुपारी, रोज. लबाडी करायची. पानं चादरीखाली लपवायची आणि मग खोकल्याची उबळ आल्याचं सोंग करायची.” त्याचा आवाज जरा सैल झाला. “तुझी यायची वेळ झाली की म्हणायची, आवरा आता. पत्ते उशीखाली सारायचे, चादर नीट करायची, दिवा बारीक करायचा. मग डोळे मिटून पडायची.”

ती त्याच्याकडे वळली. तिने शेजारच्या सीटवर ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली, पण त्याला बस म्हणाली नाही.

“मी येऊन कपाळावर हात ठेवायचे,” ती म्हणाली. “मला म्हणायची, आज दिवसभर डोळाच उघडला नाही बघ.”